मशीननं माप घेतलं म्हणजे कॅप चुकत नाही, हे खरं का?

प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आईचं वय ६४, खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल झालंय, आता कॅप बसवायचीय. नेहमीचे डॉक्टर म्हणतात पुट्टीनं, म्हणजे ट्रेमध्ये भरून तोंडात घालायच्या कणकेसारख्या सिलिकॉननं, माप घेऊ, मेटलवर सिरॅमिकची कॅप करू. शहरातल्या मोठ्या क्लिनिकमध्ये सांगितलं की स्कॅनरनं माप, झिरकोनियाची कॅप, खर्च जवळजवळ तिप्पट, आणि वर हेही ऐकवलं की "कॉम्प्युटरवर बनते हो, चूक व्हायचा प्रश्नच येत नाही." शिवाय आईंना तोंडात ट्रे घातला की उमासे येतात. तर काय करावं?

मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कॅप, ब्रिज, कवळ्या हाच माझा रोजचा धंदा, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करून आता २३ वर्षं झाली. त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षं नुसती पुट्टी, मग कर्ज काढून स्कॅनर घेतला. त्यामुळं दोन्हीकडच्या चुका माझ्या स्वतःच्या हातानं झालेल्या आहेत, आणि म्हणूनच "प्रश्नच येत नाही" हे वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. एक जुनी पद्धत आणि एक डिजिटल पद्धत असे दोन वेगळे रस्ते आता राहिलेलेच नाहीत. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पुट्टीनं माप घेतलं, ते डब्यात घालून कुरियरनं लॅबला गेलं, तिथं त्यात स्टोन (प्लास्टरसारखी कडक होणारी पूड) कालवून ओतली, मॉडेल काढलं की बहुतेक लॅबमध्ये ते मॉडेल सरळ टेबलावरच्या स्कॅनरमध्ये जातं. तिथून पुढं सगळं स्क्रीनवर. आणि ज्याला तुम्ही जुनी मेटलची कॅप समजताय, तिचा आतला मेटलचा भागसुद्धा आज बऱ्याच ठिकाणी कोबाल्ट-क्रोमच्या पावडरीचे थर लेझरनं वितळवून छापलेला असतो, लॅबवाले त्याला डीएमएलएस म्हणतात, पूर्वीसारखं मेणाचा साचा करून धातू ओतणं कमी होत चाललंय. म्हणजे डिजिटल तर दोन्हीकडं आहे, फरक एवढाच की एका ठिकाणी ते तोंडातून सुरू होतं आणि दुसऱ्या ठिकाणी लॅबच्या टेबलावरून.

मधल्या पायऱ्या गाळल्याचा फायदा होतो का? होतो, आणि चांगलाच होतो. मी नवीन होतो तेव्हा कॅपच्या बाजूचं माप सिलिकॉनच्या पुट्टीत आणि समोरच्या जबड्याचं माप अल्जिनेटमध्ये घ्यायचो. अल्जिनेट म्हणजे ते पाण्यात कालवून करतात ते गुलाबी, जेलीसारखं. त्यात लगेच स्टोन ओतायला हवा, नाहीतर त्यातलं पाणी सुटतं आणि ते आकसतं. आमच्याकडं स्टोन ओतायला वेळ नसला की ओल्या कापडात गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं आणि एसटीच्या पार्सलनं कोल्हापूरला लॅबकडं पाठवून द्यायचं. एप्रिल-मे महिन्यात ते माप डिकीत तापून तिकडं पोचायचं तेव्हा त्याचं काय झालेलं असेल ते तुम्हीच ओळखा. कॅप यायची ती उंच, मग मी अर्धा तास घासत बसायचो आणि पेशंट म्हणायचा "अजून लागतंय डॉक्टर". आता फाईल पाठवली की दोन मिनिटांत लॅबला पोचते, आकसत नाही, फाटत नाही, रस्त्यात तापत नाही.

पण स्कॅनर करतो काय ते जवळून बघा, म्हणजे त्याची मर्यादा आपोआप कळेल. जाडजूड पेनासारखी कांडी असते, तिच्या टोकाला आरसा, तो वाफेनं धुकटू नये म्हणून टोक गरम ठेवलेलं असतं. कांडी दातांवर प्रकाश टाकते आणि सेकंदाला कितीतरी फोटो काढते, प्रत्येक फोटोत जेमतेम एक-दीड दात मावतो, आणि सॉफ्टवेअर या फोटोंतल्या सारख्या खुणा जुळवत जुळवत गोधडीसारखे ते एकाला एक जोडत जातं. मी मागच्या दाढेच्या चावायच्या बाजूनं सुरू करतो, पुढं येतो, मग जिभेच्या बाजूनं परत मागं, मग गालाच्या बाजूनं. हात थरथरला, जीभ मधे आली, लाळेचं डबकं साठलं की जोड चुकतो आणि स्क्रीनवर दाताला दुसरा दात फुटल्यासारखं काहीतरी विचित्र उगवतं. खुर्चीवरचा मोठा दिवा चालू राहिला तरी त्रास होतो. जुनी चकचकीत मेटलची कॅप शेजारी असली की प्रकाश परत फेकते, तिथं स्कॅनर अडखळतो. एका मावशींनी मला विचारलं होतं, "डॉक्टर, तोंडात व्हिडिओ शूटिंग करताय का माझं?" म्हटलं हो मावशी, तसंच समजा.

ही कल्पना काही कालपरवाची नाही. फ्रान्समध्ये फ्रांस्वा ड्यूरे यांनी १९७३ मध्ये आपल्या प्रबंधात प्रकाशानं दाताचं माप घ्यायची कल्पना मांडली होती. प्रत्यक्षात खुर्चीवर पेशंट बसलेला असताना माप, मिलिंग (म्हणजे मशीनवर कोरणं) आणि बसवणं एकाच बैठकीत झालं ते झुरिक विद्यापीठात, सप्टेंबर १९८५ मध्ये, वेर्नर मोरमान हे दंतवैद्य आणि मार्को ब्रँडेस्टिनी हे इंजिनियर, त्यांच्या सेरेक नावाच्या मशीनवर. तेव्हा दातांवर पांढरी पावडर फवारावी लागायची नाहीतर कॅमेऱ्याला काही दिसायचं नाही, आणि मशीन चावायचा पृष्ठभाग कोरूच शकत नव्हतं, तेवढं काम डॉक्टरनं तोंडात हातानंच करायचं. चाळीस वर्षांत पावडर गेली, स्क्रीनवर रंग आले, मशीन दाढेचे उंचवटे-खाचा सगळं कोरायला लागलं. एक गोष्ट मात्र १९८५ मध्ये होती तशीच आहे, ती म्हणजे प्रकाश जिथं पोचत नाही तिथलं स्कॅनरला दिसत नाही.

आता मुद्द्याची जागा येते, मार्जिन. कॅपसाठी दात चारी बाजूंनी घासतात तेव्हा जिथं घासलेला भाग संपतो आणि मूळचा दात सुरू होतो ती कड म्हणजे मार्जिन. कॅप तिथं बिनफटीची बसली पाहिजे. मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये पाच वर्षांत हजारावर कॅपा आणि इनले (दाताच्या खड्ड्यात बसवायचे तयार तुकडे) तपासून १२० मायक्रॉनपर्यंतची फट चालू शकते असं म्हटलं होतं, आजही सगळे तोच आकडा धरून चालतात. १२० मायक्रॉन म्हणजे तुमचे एक-दोन केस जेमतेम जातील एवढी जागा. चांगल्या स्कॅनवरून चांगल्या लॅबनं केलेली कॅप याच्या बऱ्यापैकी आत बसते. आणि सांगायला वाईट वाटतं पण चांगल्या पुट्टीच्या मापावरून केलेलीही बसते.

२०१९ मधली गोष्ट. स्कॅनर घेऊन चार-पाच महिने झाले होते आणि नव्याची नवलाई होती, दिसेल त्या दाताचं स्कॅनिंग करायचो. एक काकू आल्या, वरची दाढ, आधीची चांदी भरलेली, तिच्या खालून कीड हिरडीच्या आत गेलेली. शनिवारची संध्याकाळ, बाहेर पाच पेशंट, आणि हिरडीतून बारीकसं रक्त झिरपत होतं. खरं तर दोरा भरून हिरडी बाजूला करायला पाहिजे होती, पाच-सात मिनिटं थांबायला पाहिजे होतं, फारच रक्त असतं तर तात्पुरती कॅप लावून पुढच्या आठवड्यात बोलवायला पाहिजे होतं. मी काय केलं, पटकन हवा मारली आणि स्कॅन केलं. पुट्टीचं एक बरं असतं, माप बाहेर काढलं की चूक डोळ्यांसमोर येते, लाइट बॉडी (पुट्टीबरोबरचं पातळ सिलिकॉन) फाटलीय, बुडबुडा आलाय, कड उमटलीच नाही, लाज वाटून माणूस परत माप घेतो. स्क्रीनवर तसं होत नाही. सॉफ्टवेअर छोटी भोकं स्वतःच बुजवतं आणि चित्र असं गुळगुळीत देखणं दिसतं की आपल्याला वाटतं झालं काम. दुसऱ्या दिवशी लॅबवाल्या दादांचा फोन, "डॉक्टर, आतल्या बाजूला मार्जिन नीट दिसत नाहीये, कुठं धरू?" मी म्हणालो, "धरा हो तुम्ही अंदाजानं, तुम्हाला कळतंय."

कॅप आली, सुंदर बसली, बाइट नीट, रंग नीट, काकू खूश. चौदा महिन्यांनी आल्या, म्हणाल्या "त्या दाढेतून वास येतो डॉक्टर, फटीत फ्लॉसचा दोरा घातला की कळतं." एक्स-रे काढला तर आतल्या बाजूला सरळ फट, आणि खाली दात मऊ झालेला. झिरकोनियाची कॅप कापून काढायला जीव जातो, डायमंडचे बर (घासायची फिरती टोकं) बोथट होतात, पाणी मारत मारत वीस मिनिटं गेली. सगळं परत केलं, अर्थातच पैसे न घेता. मशीननं आपलं काम चोख केलं होतं, मी दाखवलेल्या रक्ताच्या थेंबाची अगदी बिनचूक कॉपी काढली होती.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. स्कॅन झालं की रंग बंद करून नुसतं करड्या रंगाचं मॉडेल बघायचं. रंगात हिरडी-दात वेगळे दिसतात म्हणून मार्जिन आहे असं वाटतं, रंग काढला की कड खरंच उमटलीय का नुसता उतार आहे ते कळतं. आणि मार्जिनची रेघ लॅबला मारू द्यायची नाही, पेशंट खुर्चीवर असतानाच मी स्वतः मारतो.

आता झिरकोनिया. लोक काचेसारखं काहीतरी समजतात, ते तसं नाही, ते झिरकोनियम धातूचं ऑक्साइड असतं. लॅबमध्ये पांढरी तबकडी येते, जेवणाच्या छोट्या ताटलीएवढी पण जाड, आणि ती असते खडूसारखी, नखानं ओरखडा निघेल इतकी मऊ. मिलिंग मशीन त्या तबकडीतून कॅप कोरून काढतं, पण खऱ्या मापापेक्षा साधारण २० ते २५ टक्के मोठी. कारण नंतर ती भट्टीत जाते, १४५०-१५५० अंशाला, नेहमीच्या पद्धतीत कितीतरी तास, बऱ्याच लॅब रात्री भट्टी लावून घरी जातात, आणि भाजताना ती तेवढीच आकसते. कुंभाराला कसं माहीत असतं की ओलं मडकं भाजल्यावर केवढं होणार, तसाच हिशोब इथं सॉफ्टवेअर करतं, फक्त दशांशात. तो आकसण्याचा आकडा प्रत्येक तबकडीवर छापलेला असतो आणि बॅचगणिक थोडा बदलतो. एका लॅबमध्ये घाईत जुन्या तबकडीचा आकडा नव्या तबकडीला लागला होता, माझ्याकडं एका आठवड्यात तीन कॅपा आल्या त्या तिन्ही ढिल्या, टोपीसारख्या फिरत होत्या. स्कॅन उत्तम, डिझाइन उत्तम, एका आकड्यानं माती केली. म्हणून म्हणतो कॉम्प्युटरवर चूक होत नाही असं नाही, होते ती चूक अगदी बिनचूक तिन्ही कॅपांत उतरते.

झिरकोनिया एवढं मजबूत का, तर त्यात एक गंमत आहे. त्यात थोडं यट्रियम ऑक्साइड मिसळलं की त्याचे कण एका विशिष्ट रचनेत अडकून राहतात. तडा जायला लागला की तड्याच्या टोकाजवळचे कण आपली रचना बदलतात, बदलताना थोडे फुगतात आणि तड्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये झिरकोनियाच्या या गुणाची तुलना पोलादाशी केली होती. पण हा गुण जास्त असेल तर ते पांढरंफटक, अपारदर्शक दिसतं. दातासारखी चमक हवी म्हणून यट्रियम वाढवलं की दिसायला छान होतं आणि ताकद उतरते. जुन्या धाटणीच्या पांढऱ्या झिरकोनियाची वाकवण्याची ताकद १००० मेगापास्कलच्या (ताकद मोजायचं एकक) वर जाते, जास्त पारदर्शक प्रकारात ती पाच-सातशेच्या आसपास येते. म्हणून नुसतं "झिरकोनिया आहे ना?" विचारून उपयोग नाही. मागच्या दाढेला मजबूत प्रकार, पुढच्या दातांना देखणा. तुमच्या आईंची खालची दाढ आहे, हसताना दिसत नाही, तिथं चमकीसाठी जास्तीचे पैसे द्यायचं काहीच कारण नाही.

"झिरकोनिया समोरचा दात झिजवतं" असंही ऐकाल. गुळगुळीत पॉलिश केलेलं असेल तर उलट सिरॅमिकपेक्षा कमी झिजवतं. पण कॅप उंच लागली म्हणून डॉक्टरनं तोंडात घासली आणि परत पॉलिश न करता तशीच सोडली तर तो खडबडीत भाग कानशीसारखा काम करतो. त्यामुळं बसवताना घासलं तर "पॉलिश केलं का डॉक्टर" एवढं विचाराच, राग आला तर येऊ दे.

मेटलवर सिरॅमिकची कॅप वाईट आहे का? अजिबात नाही, गेल्या कित्येक दशकांचा अनुभव तिच्या पाठीशी आहे, माझ्या स्वतःच्या वडिलांच्या तोंडात एकोणीस वर्षं एक टिकलीय. तिचा दोष म्हणजे वरचं सिरॅमिक कधीकधी टवका उडून निघतं आणि हिरडी खाली सरकली की काळी कड दिसते. आईंना खोटं कानातलं घातलं की कान सुजणं, खाज येणं असा त्रास असेल तर निकेल असलेला धातू टाळा, डॉक्टरांना तसं सांगा, कोबाल्ट-क्रोममध्ये करून मिळते.

दात घासायची गोष्ट राहिली, जी कुणी सांगत नाही. कॅप कोरणाऱ्या मशीनमध्ये बर असतात, गोल टोकाचे, सगळ्यात बारीक बर मिलिमीटरच्या आतबाहेर. दात घासताना डॉक्टरनं जर टोकदार कड ठेवली तर तेवढी टोकदार खाच कॅपच्या आत गोल बरनं कोरताच येत नाही. मग सॉफ्टवेअर काय करतं, तिथं जास्तीचं कोरून टाकतं म्हणजे कॅप निदान बसेल तरी. बसते, पण आत पोकळी राहते आणि तिथं कॅप पातळ होते. म्हणजे डिजिटल कॅपसाठी दात जास्त काळजीनं, गोलसर कडांनी घासावा लागतो. हँडपीस हातात धरलेला माणूस कोण आहे यावर निम्मं काम ठरतं. वीस लाखांच्या मशीनसमोर वाईट घासलेला दात ठेवला तर वाईट कॅपच येणार, फक्त लवकर येणार.

"एका दिवसात कॅप" ची जाहिरात बघितली असेल. ती खोटी नाही, क्लिनिकमध्येच मिलिंग मशीन असेल तर होते. त्यासाठी सहसा लिथियम डायसिलिकेट नावाच्या काचसिरॅमिकचा ठोकळा वापरतात, तो कोरताना निळसर-जांभळा असतो आणि छोट्या भट्टीत साडेआठशे अंशांच्या आसपास भाजला की दाताचा रंग येतो, बघायला मजा येते. पहिल्यांदा पेशंटला ती जांभळी कॅप दाखवली तर तो दचकला, म्हणाला हा कलर मी कधी सांगितला. पण आपल्याकडं बहुतेक क्लिनिक फाईल लॅबला पाठवतात आणि तीन-चार दिवसांनी कॅप येते, त्यात काहीही वाईट नाही. रूट कॅनल झालेली दाढ मात्र महिनोन् महिने कॅपशिवाय ठेवू नका, ती उभी चिरली तर मग बहुतेक वेळा काढण्याशिवाय इलाज नसतो.

स्कॅनर कुठं हात टेकतो तेही सांगतो, कारण खाली कॉमेंटमध्ये नक्की कुणीतरी विचारणार की मग कवळी पण स्कॅनरनं होते का. एक-दोन दात, तीन-चार दातांचा ब्रिज, इथं स्कॅनर राजा. पूर्ण जबडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्कॅन केला की प्रत्येक जोडातली बारीक चूक पुढच्या जोडात मिसळत जाते आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ती जाणवायला लागते. म्हणून चार-सहा इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या स्क्रूंवर) पूर्ण जबड्याचं फिक्स काम असेल तर मी नुसत्या स्कॅनवर विसंबत नाही, इम्प्लांट एकमेकांना जोडून वेगळी खात्री करून घेतो. आणि एकही दात नसलेल्या तोंडात तर खुणाच नसतात, ओली गुळगुळीत हिरडी, स्कॅनरला जोडायला काही सापडत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे कवळीची कड गाल-ओठ-जीभ हलताना कुठपर्यंत चालते हे हलवूनच बघावं लागतं. मी आजही कवळीला हिरवी काडी (तापवली की मऊ होणारं मेणासारखं मटेरियल) स्पिरिटच्या दिव्यावर वितळवून ट्रेच्या कडेला लावतो, पेशंटला सांगतो "ओठ चंबू करा, जीभ बाहेर काढा, गिळा", आणि कड उमटवून घेतो. ते माप मग खुशाल स्कॅन करा आणि कवळी मशीनवर करा, त्याला माझी हरकत नाही.

इम्प्लांटमध्ये मात्र या तंत्रानं माझी झोप परत दिली. जबड्याचा सीबीसीटी स्कॅन (तिन्ही बाजूंनी दाखवणारा एक्स-रे) आणि दातांचा स्कॅन एकमेकांवर बसवायचा, खालच्या जबड्यातली नस कुठून जाते ते बघायचं, तिच्यापासून दोन मिलिमीटर सोडून इम्प्लांटची जागा ठरवायची आणि त्या दिशेनंच ड्रिल जाईल अशी पट्टी रेझिनमध्ये (प्रकाशानं घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये) थ्रीडी प्रिंट करायची. प्रिंट झाली की अल्कोहोलमध्ये धुवायची, मग अतिनील प्रकाशात पक्की करायची. हे धुणं-पक्कं करणं आळस करून उरकलं तर तोंडात चिकट कच्चं रेझिन जातं आणि पट्टी वाकडी होते, म्हणून स्वस्त प्रिंटर घेऊन घाई करणाऱ्यांची मला भीती वाटते.

अलायनरचं, म्हणजे दात सरळ करायच्या पारदर्शक पट्ट्यांचं, थोडक्यात. इनव्हिजलाइन करणारी अलाइन कंपनी १९९७ मध्ये निघाली तेव्हा मापं पुट्टीनंच घ्यायचे आणि ती मग स्कॅन व्हायची, आता स्कॅन तोंडातूनच होतो. पण पेशंटनं घरबसल्या स्वतःचं माप घ्यायचं आणि डॉक्टरनं प्रत्यक्ष बघायचंच नाही या धंद्याचं काय होतं ते अमेरिकेतल्या स्माइलडायरेक्टक्लबनं दाखवलं, २०२३ च्या डिसेंबरात कंपनी बंद पडली आणि लोक अर्धवट उपचारात लटकले.

तर आता तुमच्या आई. उमासे येतात हे ऐकून माझा कल स्कॅनरकडं आहे. ट्रे एकदा घातला की पुट्टी घट्ट होईपर्यंत काढता येत नाही, आणि त्या तीन-चार मिनिटांत माणूस कासावीस होतो. स्कॅनर मधेच थांबवता येतो, आई श्वास घेतील, चूळ भरतील, परत तिथूनच पुढं. कांडी शेवटच्या दाढेशी गेली की उमासा येऊ शकतो हेही खरं, तेव्हा नाकानं श्वास घ्यायला सांगा आणि जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ठेवा, हसू नका, बऱ्याच पेशंटना चालतं. पण स्कॅनरसाठी तिप्पट? ते पटत नाही. त्या तिप्पटीत झिरकोनियाचा फरक किती आणि स्कॅनरचा हप्ता किती हे विचारा. दुसरं म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा की पुट्टीच्या मापावर झिरकोनियाची साधी मजबूत कॅप करून देता का, बहुतेक देतील आणि खर्च मधला पडेल. ते हात चांगला असलेले, वर्षानुवर्षं ओळखीचे डॉक्टर असतील तर मी त्यांनाच प्राधान्य देईन, फक्त आईंचा उमाशांचा त्रास त्यांना आधी सांगा. मोठ्या क्लिनिकमध्ये गेलात तर हे नक्की बघा की स्कॅनरचं टोक प्रत्येक पेशंटला ऑटोक्लेव्ह केलेलं (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केलेलं) वापरतात का नुसतं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसतात, आणि माप घेण्याआधी हिरडीभोवती दोरा भरायला वेळ देतात का. जो डॉक्टर रक्त थांबायची वाट बघतो त्याच्याकडं स्कॅनर असो नसो, कॅप नीट बसेल.

बसवल्यावर तिथंच खुर्चीवर दोन्ही बाजूंनी फटीत फ्लॉसचा दोरा घालून बघायला सांगा, किंचित अडकत आत जायला हवा. अजिबात न अडकता गेला तर अन्न साठणार, आणि आईंना मग जेवणानंतर काडीशिवाय चैन पडणार नाही. निळा कागद चावायला लावतील तेव्हा आईंना सांगा संकोच करू नका, केसभर जरी उंच लागलं तरी बोला. दाढ रूट कॅनलची आहे, तिला आतून दुखणार नाही, त्यामुळं उंच असल्याचं कधीकधी चार दिवसांनी समोरच्या दातातनं किंवा कानाजवळच्या सांध्यातनं कळतं.

आणि स्कॅन झालाच तर फाईल मागून घ्या. एसटीएल नावाची फाईल असते, मोबाईलवर ठेवता येते. माझा एक पेशंट दुबईला कामाला असतो, इथून कॅप बसवून गेला आणि पंधराव्या दिवशी कॅप निघाली ती नेमकी बेसिनमधनं वाहून गेली. रात्री अकराला मला फोन. मी त्याच्या दाताचा स्कॅन आणि कॅपचं डिझाइन दोन्ही मेल केलं, तिथल्या डॉक्टरांनी दात बघितला, खाली काही बदललेलं नव्हतं, त्यांनी तिथल्या लॅबकडून तीच कॅप परत कोरून घेतली आणि तिसऱ्या दिवशी बसवली. बसल्यावर त्यानं मला दात दाखवणारा सेल्फी पाठवला, तो इतका हलला होता की दिसत काहीच नव्हतं.